दोन ओळींचा पडदा

आमच्या केबल टीव्हीच्या कंट्रोल रूममधल्या मॉड्युलेटरच्या पुढच्या पट्टीवर फार काही नाही. दोन ओळींचा निळा एलसीडी, ओळीत सोळा अक्षरं मावतात. चार बाणांची बटणं, एक एंटर, एक मेनू, एक लॉक. डाव्या कडेला तीन-चार बारीक दिवे, उजवीकडे टेस्ट पॉइंट. संपलं. एवढ्यावरून सांगलीतल्या काही हजार घरांत संध्याकाळी काय दिसणार ते ठरतं, असं नव्या पोराला सांगितलं की तो आधी मागच्या बाजूला जाऊन अजून काही आहे का ते बघून येतो.

मागं वायरी असतात. आत येणारी नेटवर्कची किंवा एएसआयची (टीव्हीचा डेटा नेणारी खास वायर), बाहेर जाणारी आरएफची, म्हणजे शहरात जाणाऱ्या सिग्नलची. मधल्या मधे हे मशीन आत आलेला डेटा एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर बसवून देतं. डेटा कसला आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मालिका असो, क्रिकेट असो, कुणाचं कीर्तन असो, त्याच्या दृष्टीनं ती १८८ बाइटची पाकिटं. पाकिटं कमी आली तर मधे रिकामी भरून तो रांग पुरी करतो, जास्त आली तर मात्र गडबड. तिच्याकडे पुढं येतोच.

हल्ली हे सगळं ब्राउझरमधून करता येतं. खुर्चीत बसून, चहा पीत, एका पानावर पंचवीस रकाने समोर. तरी नवं मशीन खोक्यातून काढलं की त्याच्या पोटात कारखान्यानं घातलेला आयपी पत्ता असतो आणि आपल्या नेटवर्कला तो बहुधा चालत नाही. म्हणजे पहिल्या भेटीला समोर उभं राहणं आलंच. पत्ता, सबनेट मास्क, गेटवे, तिन्ही बाणांनी एकेक अंक फिरवत घालायचे. बरेच जण एवढं झालं की पुन्हा पॅनेलकडे बघत नाहीत. मी अजून जमेल तेवढं पुढूनच करतो आणि त्यावरून आमच्याकडची पोरं मला चिडवतात. चिडवू देत. ब्राउझरमध्ये आकड्याच्या रकान्यावर माऊसचं चाक चुकून फिरलं की आकडा हलतो, आणि पान खाली सरकवताना ते फिरतंच. पॅनेलवर असलं काही होत नाही. तिथं जे बदलतं ते बोटानं दाबलं म्हणून बदलतं.

पण खरं कारण दुसरंच आहे. पॅनेल एका वेळी एकच गोष्ट विचारतं. फ्रिक्वेन्सी किती? पडद्यावर तेवढंच. बाकीचं सगळं डोक्यात नाही तर वहीत असावं लागतं. असा एकटा प्रश्न समोर आला की माणूस थबकतो आणि त्याला कळतं की याचं उत्तर मशीनमध्ये नाही, मॅन्युअलमध्येही नाही. ते गल्लीतल्या खांबावर आहे, लोकांच्या टीव्हीखालच्या बॉक्समध्ये आहे, कधी कधी मोबाइलच्या टॉवरवर आहे.

मी या धंद्यात आलो तेव्हा ॲनालॉग होतं. एका चॅनेलला एक मॉड्युलेटर, म्हणजे भिंतभर मशिनं. प्रत्येकाच्या पुढं स्क्रू ड्रायव्हर घालायची बारीक भोकं. एक चित्राच्या मॉड्युलेशनला, एक आवाजाला, एक आउटपुट लेव्हलला. पडदा नाही, आकडा नाही. आमचे वस्ताद (तालमीतले नव्हेत, पण सगळं केबल मार्केट त्यांना वस्तादच म्हणायचं) स्क्रू पाव फेरा फिरवायचे, मॉनिटरकडे बघायचे, परत अर्धा पाव मागं घ्यायचे. चित्र बिघडायचं ते हळूहळू. आधी थोड्या मुंग्या, मग जास्त मुंग्या, मग आवाजात घरघर. माणसं मुंग्यांतूनही मॅच बघायची. तक्रार यायची तीसुद्धा सवडीनं, महिन्याचे पैसे घ्यायला पोरगं गेलं की मग.

मग कायदा आला. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा १९९५चा, त्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि केबल डिजिटल करणं सक्तीचं झालं. २०१२ मध्ये महानगरांपासून सुरुवात झाली, २०१३ मध्ये पुणे-नागपूर-सोलापूरसारख्या मोठ्या शहरांची पाळी आली, आणि आमच्यासारख्या उरलेल्या शहरी भागाला ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत मिळाली. खेड्यापाड्यांची मुदत त्याच्याही पुढची. मधल्या काळात एकाच वायरीतून दोन्ही चालायचं. ज्याच्याकडे बॉक्स त्याला डिजिटल, बाकीच्यांना जुनं. तेव्हा डिजिटल वाहक (एका फ्रिक्वेन्सीवर बसवलेला सिग्नल) ॲनालॉगपेक्षा दहाएक डेसिबल खाली ठेवायचा, नाहीतर अँपवर, म्हणजे वाटेत सिग्नल वाढवणाऱ्या अँप्लिफायरवर, बोजा येऊन ॲनालॉगवाल्यांची चित्रं खराब व्हायची. पुढं ॲनालॉग बंद झालं आणि, डिजिटलमध्ये एका फ्रिक्वेन्सीवर बरेच चॅनेल बसत असल्यानं, भिंतभर मशिनांच्या जागी एक रॅक उरला.

आता मेनू एकदा शांतपणे बघू.

एंटर दाबलं की अलार्म, इनपुट, आउटपुट, नेटवर्क, सेव्ह असे मथळे एकामागून एक येतात. आउटपुटमध्ये गेलं की पहिलीच फ्रिक्वेन्सी. समजा पडद्यावर ४७४.००० आहे. शेवटच्या अंकाखाली एक आडवी रेघ लुकलुकत असते. डावा बाण दाबला की रेघ एक घर डावीकडे, वरचा बाण दाबला की तो अंक एकानं वर. नवाच्या पुढं परत शून्य. ४७४चं ४८२ करायचं तर दोन अंक बदलावे लागतात, आणि मधे क्षणभर पडद्यावर ४८४ दिसतं, जे आपल्याला मुळीच नको आहे. म्हणून चांगली मशिनं एंटर दाबेपर्यंत काही लागू करत नाहीत. सगळीच मशिनं चांगली नसतात. म्हणून आधी आरएफ आउटपुट बंद, मग बदल, मग डोळ्यांनी एकदा वाचणं, मग चालू. हा क्रम वस्तादांनी आमच्या हाडात मुरवलेला.

४७४ हा आकडा कुठून आला? यूएचएफचा एकविसावा चॅनेल ४७० ते ४७८ मेगाहर्ट्झ असा आठ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, त्याचा मध्य ४७४. डिजिटलमध्ये फ्रिक्वेन्सी सांगतात ती मध्याची. ॲनालॉगमध्ये सांगायचे ती चित्राच्या वाहकाची, आणि तो पट्ट्याच्या खालच्या कडेपासून सव्वा मेगाहर्ट्झवर असायचा. म्हणजे त्याच चॅनेलचा जुना आकडा ४७१.२५. फरक पावणेतीन मेगाहर्ट्झचा. जुना माणूस नव्या मशीनसमोर उभा राहिला की त्याचं बोट सवयीनं ४७१.२५कडे जातं. तसं घातलं तर मशीन मुकाट्यानं घेतं, कुरकुर करत नाही, दिवा हिरवाच राहतो. बॉक्सला मात्र ठरल्या जागी काही सापडत नाही, आणि पट्टा खाली सरकून शेजारच्या चॅनेलवर चढतो तो वेगळाच. एकाच्या जागी दोन फ्रिक्वेन्सी आडव्या होतात.

त्याच्यापुढं सिम्बॉल रेट. आमच्याकडे ६८७५, म्हणजे सेकंदाला ६८ लाख ७५ हजार सिम्बॉल. सिम्बॉल म्हणजे काही बिटांचा मिळून एक ठोका. काही ठिकाणी ६९०० चालतो. तो असा अडनिडा का, हे मला बरीच वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारावं असं मलाही वाटलं नव्हतं. हिशेब साधा निघाला. डिजिटल केबलच्या डीव्हीबी-सी पद्धतीत सिग्नलच्या कडा थोड्या उतरत्या असतात, त्यासाठी १५ टक्के जागा धरावी लागते. ६.८७५ला १.१५नं गुणलं की ७.९०६. आठ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बसतं आणि कडेला बोटभर मोकळं राहतं. सात घातलं तर ८.०५, म्हणजे शेजाऱ्याच्या हद्दीत. आता ६४ क्वाम ठेवलं (क्वाम म्हणजे सिम्बॉलमध्ये बिट बसवायची पद्धत) तर एका सिम्बॉलमध्ये सहा बिट बसतात. ६.८७५ गुणिले सहा, सव्वाएक्केचाळीस. त्यातले दर २०४ बाइटमधले १६ बाइट चुका दुरुस्त करायला जातात, १८८ उरतात. हातात येतात सेकंदाला ३८ मेगाबिट. आमचा सगळा संसार या अडतिसात.

अडतिसाच्या वर आत आलं की ती मघाशी म्हटलेली गडबड होते. पाकिटं सांडायला लागतात, आणि सांडताना मशीन हे पाकीट कुणाचं असं विचारत नाही. त्यामुळे त्या फ्रिक्वेन्सीवरचे सगळेच चॅनेल एकदम चौकोन चौकोन व्हायला लागतात. आमच्याकडे हे वर्षातून ठरलेल्या दिवशी व्हायचं. स्थानिक चॅनेलवर गणपतीची मिरवणूक थेट दाखवायची असते. एरवी त्या चॅनेलवर स्टुडिओतला एक माणूस, मागं पडदा आणि खाली सरकती पट्टी. असल्या चित्राला एनकोडरला (चित्र दाबून बिटांत बसवणाऱ्या मशीनला) फार बिट लागत नाहीत, कारण एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत फक्त माणसाचे ओठ हलतात. मिरवणुकीत गुलाल उडतो. गुलालाच्या कणांना काही शिस्त नाही. मागच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधणं हेच एनकोडरचं काम, आणि उडत्या गुलालाचा अंदाज बांधता येत नाही. मधे ढोल-ताशावाल्यांचे हलते हात, वर झेंडे, मागं लायटिंग. बिट भसाभसा लागतात. स्थानिक चॅनेलच्या एनकोडरला वरची मर्यादा घातलेली नसेल तर आमचा गणपती शेजारच्या चॅनेलवरच्या सासू-सुनांना घेऊन बुडायचा. आता मर्यादा घातलेली असते. गुलाल थोडा धुरकट दिसतो, त्याला इलाज नाही. मंडळाच्या कार्यकर्त्यांची तक्रार येते की पुण्याचं कसं स्वच्छ दिसतं. पुण्याचं वेगळं, एवढंच सांगतो.

लेव्हल, म्हणजे सिग्नलची ताकद, हा माझा जिव्हाळ्याचा विषय. मेनूत ती डीबी मायक्रोव्होल्टमध्ये असते, अर्ध्या डेसिबलनं किंवा त्याहूनही बारीक वर-खाली करता येते. नवा माणूस पहिल्यांदा मीटर घेऊन टेस्ट पॉइंटला लावतो आणि घाबरतो, कारण सिग्नल भलताच कमी दिसतो. टेस्ट पॉइंट मुद्दाम कमी देतो, आमच्या मशीनवर वीस डेसिबल कमी. तसं तिथं बारीक अक्षरात लिहिलेलंही आहे. ते न वाचता लेव्हल वीसनं चढवायला निघालेलं पोरगं मी हाताला धरून थांबवलेलं आहे.

चढवण्याचा मोह सगळ्यांना होतो. एका गल्लीतून तक्रार आली, एका फ्रिक्वेन्सीवर चौकोन येतात, की पहिला विचार लेव्हल वाढवण्याचा. वस्ताद अशा वेळी म्हणायचे, "आवाज चढवून काय हुतंय रं? शेजारचं काय म्हणत्यात ते तर ऐकू येऊ दे." त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. एक वाहक चढवला की पुढच्या प्रत्येक अँपवर बोजा येतो. अँप दमलं की ते आपल्या मनाचं काहीबाही तयार करतं, आणि ते शेजारच्या फ्रिक्वेन्सींमध्ये जाऊन बसतं. ॲनालॉगमध्ये ते आडव्या-तिरप्या रेघांच्या रूपानं दिसायचं तरी. डिजिटलमध्ये काहीच दिसत नाही, फक्त एमईआर (सिग्नल किती स्वच्छ आहे त्याचा आकडा) हळूहळू घसरत जातो आणि एके दिवशी चित्र एकदम जातं. वाहकांची संख्या दुप्पट केली तर एकूण ताकद तीन डेसिबलनं वाढते. म्हणजे चार नव्या फ्रिक्वेन्सी टाकायच्या तर आधीच्या सगळ्या थोड्या खाली घ्याव्या लागतात. हे मालकाला पटवणं म्हणजे दिव्य. त्याला वाटतं, आपण सिग्नल कमी करतोय.

मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात मी एकदा तंबोऱ्याची जवारी काढताना बघितली होती. (त्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) कारागीर घोडीवर कानशीचा एक हलका हात मारायचा, तार छेडायचा, कान लावायचा, परत एक हात. त्यानं एकदाही दोन हात सलग मारले नाहीत. सगळ्या वाहकांची लेव्हल एका रेषेत आणताना माझं तसंच होतं. अर्धा डेसिबल, मग मीटर, मग पुढचं मशीन, मग परत पहिलं. ब्राउझरमध्ये सगळे रकाने एकदम भरता येतात म्हणून लोक एकदम भरतात आणि मग दिवसभर कुठं बिघडलं ते शोधत बसतात.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. मॉड्युलेशनच्या मेनूत १६, ३२, ६४, १२८, २५६ असे पर्याय आहेत. वरचा बाण दाबला की २५६ येतं, एंटर दाबलं की झालं. आणि त्या एका दाबण्यात ३८चे सुमारे ५१ मेगाबिट होतात. एका फ्रिक्वेन्सीवर आणखी एक-दोन एचडी चॅनेल सहज. फुकटात. मग सगळे २५६ का करत नाहीत, असं मालक विचारतात आणि त्यांचं विचारणं चूक नाही.

फुकटात नाही, हे पॅनेल सांगत नाही. ६४ला जेवढा स्वच्छ सिग्नल पुरतो त्यापेक्षा सुमारे सहा डेसिबल जास्त स्वच्छ सिग्नल २५६ला घरात पोचावा लागतो. कंट्रोल रूममध्ये तो असतोच, इथं सगळंच गोड दिसतं. पण खणभागातल्या एका बोळात टोकाचा टॅप आहे, घरांना वायर काढून देणारा डबा. तिथपर्यंत जाताना सिग्नल फायबरमधून नोडला (जिथं फायबर संपून साधी केबल सुरू होते), नोडपासून एका अँपला, तिथून दुसऱ्याला, मग पावसात गंजलेल्या कनेक्टरमधून, मग कुणीतरी स्वतःच विकत आणून लावलेल्या स्प्लिटरमधून जातो. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं जातं. त्या शेवटच्या घरात ६४ व्यवस्थित चालतं. २५६ चालणार नाही. म्हणजे सगळ्या शहरासाठी मेनूत काय ठेवायचं ते त्या बोळातल्या गंजक्या कनेक्टरनं ठरवलेलं आहे. मी फक्त बटण दाबणारा.

फ्रिक्वेन्सीचंही तेच. पॅनेलवर ४७ पासून ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत कुठलाही आकडा घालता येतो. पण सातशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोबाइलचं ५जी सुरू झालं, त्याचं टॉवरकडून फोनकडे येणारं ७५८ ते ८०३ मध्ये असतं, आणि आमच्याही फ्रिक्वेन्सी तिथं होत्या. केबल बंदिस्त असेल तर बाहेरचं आत येत नाही. कनेक्टर ढिला असेल, कुणी वायर हातानं पिळून जोडलेली असेल, तर येतं. टॉवरच्या जवळच्या घरांत ठरावीक चॅनेल जायचे आणि बाकीचे ठणठणीत असायचे. माणसं म्हणायची, तुम्ही मुद्दाम बंद करता. शेवटी वरच्या पट्ट्यातल्या फ्रिक्वेन्सींवर आम्ही कमी बघितले जाणारे चॅनेल नेऊन बसवले. हा काही तांत्रिक उपाय म्हणता येणार नाही. घरोघरचे कनेक्टर बदलणं हा उपाय, आणि त्याला माणसं आणि पैसे लागतात.

काही आकड्यांना तर हातच लावता येत नाही. बॉक्स चालू झाला की तो आधी एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जातो. तिथं त्याला एनआयटी नावाची यादी मिळते: बाकीच्या फ्रिक्वेन्सी कुठं, त्यांचा सिम्बॉल रेट काय, क्वाम किती. बाकीचं सगळं हलवता येतं, यादीत नवा आकडा घालायचा आणि यादीचा आवृत्ती क्रमांक एकानं वाढवायचा. तो शून्य ते ३१ जातो आणि परत शून्यावर येतो. क्रमांक बदलला नाही तर बॉक्सला कळतच नाही की यादी नवी आहे. पण ती पहिली फ्रिक्वेन्सी २०१५च्या घाईत लोकांच्या घरी गेलेल्या बॉक्सांच्या पोटात पक्की बसलेली आहे. ते बॉक्स अजून चालतात. ज्याचा बॉक्स दहा वर्षं चालला तो तो कशाला बदलेल? त्यामुळे रॅकमधल्या एका मशीनच्या पॅनेलवर आम्ही लाल चिकटपट्टी लावली आहे आणि त्याचं लॉक कधीच उघडत नाही. नवं पोरगं आलं की त्याला पहिल्या दिवशी ती पट्टी दाखवायची.

बदल करायचे ते रात्री दोननंतर आणि चारच्या आत. चारनंतर शहर जागं व्हायला लागतं. एकदा काम लांबलं आणि पाच वाजता फोन आला. "आरं बाळा, माझं सह्याद्री गेलंय बघ." मी म्हटलं, "मावशी, दहा मिनिटांत येतंय, काम चालू आहे." "काम चालू आहे तर सांगायचं न्हवं काल? मी आंघोळ करून बसलीया." आता यावर काय बोलणार? सह्याद्री आम्हाला दाखवावंच लागतं, दूरदर्शनचे ठरावीक चॅनेल वगळता येत नाहीत असं कायदाच सांगतो. पण मावशींना कायद्याशी देणंघेणं नव्हतं. त्या बॉक्ससमोर बसल्या होत्या. १ फेब्रुवारी २०१९ला ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे दर लागू झाले, शंभर चॅनेलना १३० रुपये आणि वर कर, तेव्हा पॅक आणि क्रमांक बदलताना असे फोन रात्रभर वाजले. त्याबद्दल लिहायला बसलो तर दुसरा लेख होईल.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, सगळं पाण्याखाली. आमची कंट्रोल रूम वरच्या मजल्यावर म्हणून वाचली. ज्या भागात वीज होती तिथली माणसं स्थानिक चॅनेल लावून बसली होती, कारण खालच्या पट्टीत आयर्विनची पातळी सरकत होती आणि कोयनेतून किती सोडलं ते येत होतं. त्यांना दुसरं काही बघायचंच नव्हतं.

जनरेटरमध्ये डिझेल भरताना रॅक एकदा बंद झाला. परत चालू केला तर स्थानिक चॅनेलवालं मशीन भलत्याच फ्रिक्वेन्सीवर उठलं. कुणीतरी पूर्वी आकडा बदलला होता, एंटर दाबलं होतं, पण सेव्ह केलं नव्हतं. एंटर आणि सेव्ह हे दोन वेगळे आहेत. एंटरनं बदल लागू होतो, सेव्हनं लक्षात राहतो, आणि मधला फरक वीज गेल्यावरच कळतो. लॅपटॉप संपलेला होता, नेटवर्कचा स्विच वेगळ्या वायरीवर होता आणि ती वायर बंद होती. म्हणजे ब्राउझर नाही. एकानं मोबाइलचा टॉर्च धरला, एकानं वहीतून आकडे वाचले, मी अंक फिरवले. फ्रिक्वेन्सी, सिम्बॉल रेट, क्वाम, लेव्हल, आरएफ चालू. मग सेव्ह. मग परत मेनूत जाऊन सेव्ह झालंय का ते बघितलं. चहा गार व्हायच्या आत पट्टी परत सरकायला लागली होती.

आता ग्राहक कमी होतायत, हे उघड आहे. तरुण घरात टीव्हीला थेट इंटरनेट आहे, केबलचं बिल म्हाताऱ्यांच्या नावावर चालतं. पोरं म्हणतात, दादा, हे मशीन आणि आपण, दोघं किती दिवस? मला त्याचं फार वाटत नाही. फायबर आलं तरी त्यातही लेव्हल असते, त्यालाही कनेक्टर असतात आणि ते कनेक्टर खांबावरच असतात. पॅनेल जाईल, खांब कुठं जाणार आहे?

गेल्या महिन्यात मालक रॅकसमोर येऊन उभे राहिले. लोक एचडी मागतायत, जागा नाही. "२५६ करायला किती वेळ लागतो?"

"बटणं दाबायला अर्धा मिनिट."

"मग?"

मी वहीतलं खणभागाचं पान उघडून दाखवलं. कुठलं अँप बदलायचं, कुठले कनेक्टर, कुणाच्या गॅलरीतून वायर गेली आहे आणि ते आपल्याला चढू देत नाहीत. त्यांनी पान खालपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "निम्म्या फ्रिक्वेन्सी करू, निम्म्या राहू देत."

"चालेल. एचडीवाले बॉक्स बहुतेक विश्रामबागेकडे आहेत, तिकडची लाइन नवी आहे. पण त्याच फ्रिक्वेन्सीवर जुनं काही ठेवायचं नाही, नाहीतर बोळातली मावशी फोन करणार."

"आणि बोळाचं?"

"गणपती होऊ देत. आत्ता तिथं मांडव आहे, शिडी लावायला जागा नाही."

मालकांनी मान डोलावली आणि अँपचा खर्च किती ते विचारलं. तेवढ्यात फोन वाजला म्हणून तो विषय तिथंच राहिला.